पोटाकडची बाजू

गोड्या मसाल्यासाठी दगडफूल निवडलं जातं, तेलावर परतलं जातं, कुटलं जातं. पण ते उलटून सहसा कोणी पाहत नाही. पाहिलं तर थबकायला होतं. वरची बाजू राखाडी, किंचित हिरवट, आणि खालची काळी कुळकुळीत, कडेपाशी तेवढी तपकिरी होत गेलेली. दोन्ही बाजू एकाच तुकड्याच्या आहेत हे डोळ्यांनी पाहूनही पटू नये. नावानं तर हा जिन्नस आणखीच चकवतो. ते फूल नाही, आणि बाजारात येणारा पुष्कळसा माल दगडावरचा नसून झाडांच्या सालीवरून काढलेला असतो. शिवाय ‘दगडफूल’ म्हणून पुडीत जे येतं ते एकाच जातीचं असतं असंही नाही. पसरट पापुद्र्यांचा पार्मोट्रेमा त्यात असतो, आणि कित्येकदा हिमालयातून आलेलं, अरुंद फितींचं दुसरंच काही मिसळलेलं असतं. स्वयंपाकघराचं त्यानं अडत नाही. मसाल्याला वास लागला, काम झालं. पण डोळ्यांसमोर रोज असलेल्या वस्तूला आपण किती थोड्या पुराव्यावर ओळखीची मानतो, याचं हे पहिलं उदाहरण आहे. मला जे म्हणायचं आहे ते या उदाहरणातून सुचत असलं, तरी ते नीट सिद्ध करायला एक दुसरं दगडफूल लागेल, जे आपल्याकडचं नाही.

युरोपात हिवाळ्यात ओकची पानं झडली की उघड्या फांद्यांवर राखाडी-हिरव्या रंगाचे मऊ झुबके दिसू लागतात. एकेक झुबका बोटाएवढा लांब, एका जागी फांदीला धरलेला आणि पुढे दोन-दोन फाटे फुटत गेलेला, हरणाच्या शिंगांसारखा. इंग्रजीत त्याला ‘ओकमॉस’ म्हणतात, म्हणजे ओकवरचं शेवाळ. तेही नाव आपल्या दगडफुलासारखंच फसवं. हे शेवाळ नाही. बुरशी आणि शैवल यांच्या सहवासातून उभा राहिलेला जीव आहे, ज्याला वनस्पतिशास्त्राच्या मराठी पुस्तकांत ‘शैवाक’ म्हणतात. आणि तो ओकवरच राहतो असंही नाही. अ‍ॅश, बर्च, जुनी फळझाडं, कुंपणाचे लाकडी खांब, काहीही त्याला चालतं. लिनिअसनं १७५३ मध्ये त्याला नाव दिलं तेव्हा ओक नव्हे तर रानटी, काटेरी आलुबुखार त्याच्या नावात घातला. ते ‘प्रुनास्ट्री’ आजही टिकून आहे. लिनिअसचाच शिष्य एरिक अकॅरिअस यानं १८१० मध्ये त्याला ‘एव्हर्निया’ या प्रजातीत बसवलं, आणि तेव्हापासून त्याचं पूर्ण नाव एव्हर्निया प्रुनास्ट्री. लिनिअसच्या लेखी सगळी शैवाकं मिळून एकच प्रजाती होती, ‘लायकेन’. जगातल्या एवढ्या मोठ्या गर्दीला एकच आडनाव. अकॅरिअसनं ती गर्दी पांगवली.

एव्हर्निया दुर्मीळ नाही. युरोपातल्या झाडांवरच्या झुडपी शैवाकांची यादी करायला बसलं तर ती पहिल्या काही नावांत येईल. आणि नेमकी म्हणूनच ती चुकीची ओळखली जाते. दुर्मीळ गोष्टीपाशी माणूस थांबतो, पुस्तक काढतो, जाणत्याला विचारतो. नेहमीच्या गोष्टीला तो लांबूनच नाव देऊन मोकळा होतो. माझं म्हणणं एवढंच आहे की ओळखण्याचं खरं काम नाव सुचल्यानंतर सुरू होतं, आणि ते काम म्हणजे आपलं नाव खोटं पाडू शकेल असा पुरावा शोधणं. एव्हर्नियाच्या बाबतीत तो पुरावा तिच्या पोटाकडे असतो, जी बाजू ती आपण होऊन दाखवत नाही.

एक फीत हातात घेऊन हे बघू. वरून ती हिरवट राखाडी, कधी पिवळसर झाक असलेली. उलटली की पांढरी. मळकट नाही, फिकट हिरवी नाही, पांढरी. बोटांत धरली तर लुसलुशीत लागते, पावसानंतर तर भिजलेल्या सुती नाडीसारखी लोंबते. कडेनं आणि पाठीवर बारीक पिठूळ कण सांडल्यासारखे दिसतात. त्या प्रत्येक कणात बुरशीचे धागे आणि शैवलाच्या पेशी एकत्र गुंडाळलेल्या असतात आणि त्यातूनच पुढची पिढी वाऱ्यावर जाते. आता हिच्या शेजारी, बहुधा त्याच फांदीवर, रामालिना फॅरिनेशिया असते. तीच राखाडी-हिरवी छटा, तशाच फाटे फुटलेल्या फिती, तसंच लोंबणं. पण ती उलटली तरी तोच रंग. पाठ आणि पोट असा भेदच नाही. स्पर्शाला ती ताठर, वाळल्यावर तारेसारखी. पिठाचे ठिपके फितीच्या कडांवर सुटे सुटे, लंबगोल, टिकल्या लावाव्यात तसे. त्या पिठावरूनच तिचं ‘फॅरिनेशिया’ हे नाव पडलं. तिसरी स्यूडेव्हर्निया फर्फ्युरेशिया. हिच्या नावात पीठ नाही, कोंडा आहे, कारण तिच्या पाठीवर कोंडा चिकटावा तसे खरखरीत उंचवटे असतात. तिच्या फितींच्या कडा खाली वळून पन्हळ होतो, आणि पोट टोकाशी फिकट असलं तरी मागे जाता जाता काळं पडतं, पुडीतल्या दगडफुलासारखं. चौथी उस्निया, दाढीसारखी. तिच्या फिती नसून गोल दोरे असतात. एक ओला दोरा हलकेच ताणला की वरची साल तुटते आणि आतून पांढरी, लवचीक नस ताणलेली दिसते. हे इतकं स्वच्छ चिन्ह आहे की एकदा पाहिलं की उस्निया पुन्हा कधी चुकत नाही.

पांढरं पोट ही केवळ खूण असती तर मी त्यावर एवढा भार टाकला नसता. खुणा बदलतात, पुसट होतात. इथे खुणेमागे शरीराची रचना आहे. शैवाकात अन्न तयार करतं ते शैवल, आणि शैवलाला उजेड लागतो. एव्हर्नियात शैवलाचा थर फक्त पाठीच्या त्वचेखाली असतो. पोटाकडे शैवल नाही म्हणून हिरवेपणा नाही, म्हणून ते पांढरं. रामालिनात तो थर दोन्ही अंगांनी असतो, म्हणून ती दोन्हीकडून सारखी. तिच्या त्वचेलगत चिवट धाग्यांचे जुडगे असतात, म्हणून ती ताठ. एव्हर्नियात ते नाहीत, म्हणून ती मऊ. म्हणजे आपण बोटांनी जे चाचपतो आणि उलटून जे पाहतो ते वरवरचं नाही. चांगली ओळख नेहमी अशी कारणापाशी जाऊन पोचते. ‘पांढरी दिसली’ हे निरीक्षण आहे. ‘पांढरी का’ हे कळलं की त्याच निरीक्षणावर विसंबता येतं, आणि कधी विसंबू नये हेही कळतं.

याच्याही खाली एक थर आहे आणि तो मला सगळ्यांत विलक्षण वाटतो. इतक्या सारख्या दिसणाऱ्या एव्हर्निया आणि रामालिना एका कुळातल्या नाहीत. रामालिनाचं कूळ स्वतंत्र आहे. एव्हर्निया पार्मेलिएसी कुळातली, आणि त्याच कुळात आपला पार्मोट्रेमा आहे. म्हणजे ओकच्या फांदीवर शेजारी लोंबणाऱ्या दोघींपेक्षा, ओकवरची एव्हर्निया आणि मसाल्याच्या डब्यातलं दगडफूल यांचं नातं जवळचं आहे. एक झुडूप, एक पापुद्रा. तरी घर एक. उलट वारा आणि धुकं अंगावर घ्यायचं, फांदीला एका बिंदूशी धरून बाकीचं अंग हवेत सोडायचं, हा आकार शैवाकांच्या वेगवेगळ्या घराण्यांत वेगवेगळा घडला. चेहऱ्यावरून नातं लावायला गेलं की इथे नक्की चुकतं.

यावर आजचा पहिला आक्षेप उघड आहे. हे सगळं करण्याची गरज काय? फोन काढावा, फोटो घ्यावा, यंत्र नाव सांगेल. हा आक्षेप मी हलका मानत नाही. अशा साधनांनी पुष्कळ लोकांना झाडांकडे, पक्ष्यांकडे वळवलं आहे, आणि लाखो छायाचित्रांवर शिकलेलं यंत्र कित्येकदा नवशिक्यापेक्षा बरं सांगतं. पण फोटो कशाचा घेतला जातो? जी बाजू समोर आहे तिचा. शैवाक फांदीवर जसं असतं तसं, वरून. जो पुरावा निर्णायक आहे तो त्या चित्रात नसतोच. त्यात पाऊस पडून गेलेला असेल तर आणखी घोटाळा, कारण ओल्या शैवाकाची त्वचा पारदर्शक होते, खालचं शैवल दिसू लागतं, आणि काल राखाडी असलेली फीत आज हिरवीगार होते. यंत्राला मऊपणा कळत नाही, दोरा ताणून पाहता येत नाही. दोष यंत्राचा नाही. त्याला अर्धा प्रश्न विचारला गेला. फीत उलटून दुसरा फोटो घेतला तर तेच यंत्र कदाचित बरोबर सांगेल. पण उलटावी हे ज्याला सुचलं त्यानं ओळखीचं निम्मं काम आधीच केलेलं असतं.

डोळ्यांना न दिसणारा पुरावा मागण्याची ही रीत फार जुनी आहे. पॅरिसमध्ये राहिलेला फिनलंडचा विल्यम नायलँडर यानं १८६० च्या दशकात शैवाकांवर रसायनांचे थेंब टाकून पाहायला सुरुवात केली. पोटॅशचा एक थेंब, ब्लीचिंग पावडरच्या द्रावणाचा एक थेंब. कुठे पिवळा रंग उमटतो, कुठे लाल, कुठे काहीच नाही. एव्हर्नियाच्या पाठीवर पोटॅश टाकला की पिवळा रंग येतो, ब्लीचनं काही होत नाही. शैवाकं आपल्या अंगात जी आम्लं साठवतात त्यांची ही साक्ष. पण इथेही सावध राहायला हवं. स्यूडेव्हर्नियाच्या काही नमुन्यांत ब्लीचनं लाल रंग येतो, काहींत येत नाही, आणि बराच काळ यावरून त्यांच्या दोन वेगळ्या जाती करायच्या का असा वाद होता. पुढे जनुकं तपासली तेव्हा ते दोन्ही एकाच जातीचे निघाले, फक्त अंगातलं रसायन वेगळं. म्हणजे लपलेला पुरावाही, तो लपलेला आहे एवढ्यानं, निर्णायक ठरत नाही. अनेक बाजूंनी एकच उत्तर आलं तर ते धरावं.

दुसरा आक्षेप जास्त मनाला भिडणारा आहे. नाव कळलं नाही म्हणून काय बिघडलं? हिवाळ्याच्या तिरप्या उन्हात त्या राखाडी झुबक्यांनी भरलेली फांदी सुंदर दिसते. ते सौंदर्य नावाशिवायही पुरं आहे, उलट नावानं ते आटतं, असं म्हणणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या म्हणण्यातला जिव्हाळा खरा आहे. पण झाडावरचं शैवाक हे नुसतं पाहण्याचं चित्र नाही. त्याला मूळ नाही. झाडातून ते अन्न घेत नाही; पाणी, क्षार, सगळं पाऊस आणि हवा देईल तेच. हवेत जे असेल ते त्याच्या अंगात उतरतं आणि बाहेर टाकायची सोय फारशी नाही. म्हणून कोणतं शैवाक कुठे आहे हे हवेबद्दलचं विधान असतं. नायलँडरनंच १८६६ मध्ये लिहिलं की पॅरिसमध्ये लक्झेंबुर्गच्या बागेत शैवाकं आहेत आणि शहरात इतरत्र ती दिसत नाहीत, आणि याचा संबंध त्यानं हवेच्या शुद्धतेशी लावला. शतक संपता संपता त्या बागेतलीही गेली. इंग्लंडात १९७० मध्ये हॉक्सवर्थ आणि रोझ या दोघांनी झाडांवरच्या शैवाकांवरून हवेतल्या सल्फर डायऑक्साइडचा अंदाज करायची शून्य ते दहा अशी पट्टी मांडली. एका टोकाला ओसाड साल, दुसऱ्या टोकाला जुन्या जंगलातली मोठाली, नाजूक शैवाकं, आणि मध्ये एकेक जात कुठे हजेरी लावते त्याच्या पायऱ्या. कोळशाचा धूर कमी झाला तशी ती परतूही लागली, लंडनसारख्या शहरातसुद्धा.

मग हवा बदलली, तसा प्रश्नही बदलला. गंधक ओसरलं आणि शेतीतला अमोनिया, वाहनांतले नायट्रोजनचे वायू पुढे आले. २००९ मध्ये इंग्लंडात ‘ओपल’ या उपक्रमात साध्या नागरिकांकडून झाडं तपासून घेतली गेली. त्यासाठी नऊ प्रकारची शैवाकं निवडली होती: तीन नायट्रोजनला हळवी, तीन मधली, तीन नायट्रोजनवर पोसणारी. एव्हर्निया हळव्यांत होती, उस्नियाही. भिंतीवर, फांदीवर हळदीसारखी पिवळी पसरणारी झँथोरिया दुसऱ्या टोकाला. आणि रामालिना त्या नवांत नव्हतीच. आता वरवर पाहणाऱ्यानं रामालिनाला एव्हर्निया म्हणून नोंदवलं तर काय होईल? जिथे स्वच्छ हवेची साक्षीदार एव्हर्निया नाही तिथे ती आहे असं लिहिलं जाईल. एका माणसाची एक चूक फार नाही. पण ही चूक अशी तशी कुठेही होत नाही. ती एकाच दिशेनं होते, कारण वरून त्या दोघी सगळ्यांनाच सारख्या दिसतात. म्हणून हजार नोंदी गोळा केल्या तरी ती आपोआप धुऊन निघत नाही. फीत उलटायला लागणारे दोन सेकंद इथे सगळ्या आकडेवारीच्या मुळाशी आहेत. सौंदर्य नावाशिवाय टिकतं हे मला मान्य आहे. साक्ष मात्र नावाशिवाय टिकत नाही.

तिसरा आक्षेप सगळ्यांत खोल आहे आणि तो शास्त्रातूनच आलेला आहे. शैवाक म्हणजे जर दोन जीवांचा संसार असेल, तर त्याला एक नाव देणं हेच मुळात खोटं नाही का? कोणाचं नाव? १८६० च्या दशकाच्या अखेरीस स्वित्झर्लंडच्या सायमन श्वेंडेनरनं सांगितलं की शैवाक ही एक वनस्पती नाही, बुरशीनं शैवलाला धरून ठेवल्यानं झालेली जोडी आहे. त्या काळच्या शैवाकतज्ज्ञांना ते सहन झालं नाही. सगळ्यांत कडवा विरोध केला नायलँडरनं, आणि तो त्यानं अखेरपर्यंत सोडला नाही. ज्या माणसाइतकं बारीक ओळखणारा त्या काळात दुसरा नव्हता, त्याला आपण काय ओळखतो आहोत हे पटलं नाही. हा इतिहास मला वारंवार आठवतो, कारण ओळखणं आणि समजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत याचा याहून स्पष्ट दाखला मला माहीत नाही. पण त्याची दुसरी बाजूही पाहावी. नायलँडर चुकला तरी त्याच्या रंगचाचण्या चुकल्या नाहीत. आजही त्या वापरात आहेत. समज बदलली, पुरावा राहिला.

त्यानंतर गुंता वाढतच गेला. नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांनी तोड काढली की शैवाकाचं नाव हे त्यातल्या बुरशीचं नाव समजायचं; शैवलाला त्याचं स्वतःचं नाव असतं. कागदावर ते सुटसुटीत आहे. पण मघाच्या रामालिना फॅरिनेशियाच्या एकेका झुबक्यात एक नाही, ट्रेबूक्सिया शैवलाच्या दोन वेगळ्या जाती एकत्र नांदताना सापडल्या आहेत. २०१६ मध्ये टोबी स्प्रिबिल आणि सहकाऱ्यांनी पुष्कळ शैवाकांच्या त्वचेत यीस्टच्या रूपातली दुसरीच बुरशी असल्याचं दाखवलं. ब्रायोरिया नावाच्या शैवाकाचे दोन प्रकार, एक तपकिरी आणि एक विषारी पिवळा, यांत मुख्य बुरशी आणि शैवल दोन्ही सारखीच निघाली होती; फरक त्या यीस्टच्या प्रमाणात होता. हे यीस्ट सगळ्याच शैवाकांत असतं असं नंतरच्या अभ्यासांनी मान्य केलं नाही, आणि ते शैवाकाच्या घडणीत नेमकं काय करतं हा वाद चालू आहे. तर मग ‘एव्हर्निया प्रुनास्ट्री’ म्हणताना आपण कोणाकडे बोट दाखवतो? माझं उत्तर असं की घराला आडनाव एकाचंच असतं म्हणून घरात दुसरं कोणी राहत नाही असं आपण समजत नाही. आडनाव पत्ता सांगतं. एव्हर्नियाची बुरशी एकटी प्रयोगशाळेत वाढवली तर तिच्या फिती होत नाहीत, तिला पाठ-पोट येत नाही. तो आकार जोडीचा आहे, आणि आपण उलटून पाहतो तेव्हा जोडीलाच तपासत असतो. पांढरं पोट हे बुरशीचं अंग आहे आणि शैवलाची अनुपस्थिती आहे. नाव एकाचं, खूण दोघांची. यात मला खोटेपणा दिसत नाही. अपुरेपणा दिसतो, आणि तो लपवलेला नाही.

ओळखीला बाजारातही किंमत असते. फ्रेंच अत्तरवाले एव्हर्नियाला ‘मूस द शेन’ म्हणतात, आणि १९१७ मधल्या कोटीच्या ‘शिप्र’ या अत्तरानं तिच्या गंधावर एक अख्खं घराणंच उभं केलं. बाल्कन देशांतून पोत्यांनी माल दक्षिण फ्रान्समधल्या ग्रासला येई. फांदीवरच्या ताज्या फितीला मात्र नाकाशी धरलं तर फारसा वास येत नाही; तिच्यातली आम्लं प्रक्रियेत फुटतात तेव्हा तो ओलसर, जमिनीचा, सालीचा गंध मोकळा होतो. आपलं दगडफूलही तेलावर पडेपर्यंत गप्पच असतं. स्यूडेव्हर्निया ही पाइनसारख्या झाडांवरची, तिचा अर्क निराळा, नाव निराळं. दोन्हींच्या अर्कांतल्या अ‍ॅट्रॅनॉल आणि क्लोरोअ‍ॅट्रॅनॉल या द्रव्यांनी कातडीला अ‍ॅलर्जी होते असं दिसल्यावर २०१७ मध्ये युरोपीय संघानं सौंदर्यप्रसाधनांत त्यांच्यावर बंदी घालणारा नियम केला. इथे मला एक गोष्ट खटकते आणि ती सांगितली पाहिजे. वर्षाला काही मिलिमीटर वाढणारी वस्तू टनांनी गोळा केली जाते, युरोपात अत्तरासाठी आणि आपल्याकडे मसाल्यासाठी, आणि ती गोळा करताना जात कोण बघतं? खरवडणाऱ्या हाताला सगळं सारखंच. नेहमीचं आणि दुर्मीळ एकाच पोत्यात जातं.

त्यावरून कोणी म्हणेल की अभ्यासकही तेच करतात, ओळखण्यासाठी तोडतात. हे खरं होतं, आणि काही अंशी अजून आहे. पण एव्हर्नियापुरतं तोडण्याचं कारणच नाही. हिवाळी वादळानंतर ओकखाली बारीक काटक्यांचा सडा पडलेला असतो आणि त्या काटक्यांवर फिती असतात. फांदीवर जागच्या जागीही बोटानं एक फीत वळवून पाहता येते, भिंगातून कडेचं पीठ पाहता येतं, आणि ती पुन्हा सोडून देता येते.

एव्हर्निया सह्याद्रीत नाही, मग मराठी वाचकानं तिचं पोट कशाला पाहावं, हा प्रश्नही रास्त आहे. मी ती निवडली ती तिच्यात हा धडा सर्वांत स्वच्छ दिसतो म्हणून. महाबळेश्वरच्या धुक्यात जांभूळ-अंजनीच्या फांद्यांवर उस्निया आहे, पार्मोट्रेमा आहे, आणि भारतात शैवाकांच्या अडीच हजारांहून जास्त जाती नोंदलेल्या आहेत. लखनौत डी. डी. अवस्थींनी आयुष्यभर जमवलेले नमुने आणि त्यांनी बनवलेल्या ओळख-कळा, पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत पटवर्धन आणि मखिजा यांनी पश्चिम घाटावर केलेलं काम, हे सगळं आपल्याच भाषेच्या प्रदेशात किंवा एका रात्रीच्या प्रवासावर आहे. अशी एखादी ओळख-कळ उघडली तर ती पहिल्या काही पायऱ्यांतच विचारते: पोट कोणत्या रंगाचं आहे, त्यावर मुळांसारखे केस आहेत का, ते कडेपर्यंत जातात का. दगडफुलाच्या पुडीतला तुकडा हातात धरून हे प्रश्न आज संध्याकाळी कुणालाही विचारता येतील.

शैवाकांचे नमुने पानांसारखे दाबून चिकटवत नाहीत. घडी घातलेल्या कागदी पाकिटांत ठेवतात, आणि पाकिटावर ठिकाण, झाड, तारीख आणि नाव लिहितात. जुन्या पाकिटांत कधी एकाहून जास्त चिठ्ठ्या सापडतात. पहिल्यानं रामालिना लिहिलेलं असतं. पुढे कोणीतरी पाकीट उघडून, फीत उलटून, आपली चिठ्ठी आपल्या सहीनं आणि सालासह आत ठेवलेली असते. पहिली चिठ्ठी फाडायची नाही असा रिवाज आहे. वर्षं जातात तशी फितीची हिरवी झाक जाऊन ती पिवळसर, मातकट होते, आणि काठावरचं पीठ पाकिटाच्या घडीत सांडतं. पाठ आणि पोट यांतला फरक मात्र तेव्हाही दिसतो, भिंग नीट उजेडात धरलं तर.